पाहुणी घरात असेपर्यंत

परदेशातून एक मुलगी वर्षभर आपल्या शाळेत शिकायला येणार आहे, असं मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, तेव्हा मी नववीत होते आणि माझ्या डाव्या पोटरीवर पीटीच्या सरांच्या टिपरूचा ताजा वळ होता. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी. आमच्या शाळेचं ढोलपथक होतं, ते सर चालवायचे, आणि ठेका चुकला की ढोलावर पडायचं टिपरू पोटरीवर पडायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. नाशकात ढोल शिकायचा तर असाच शिकायचा, असं सर म्हणायचे. आम्हाला ते पटलेलंही होतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत दुसरी सूचना आली. ती शिक्षकांसाठी होती, पण आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीतली गोष्ट पाण्याच्या टाकीपर्यंत यायला पाच मिनिटं पुरत. ती मुलगी बेल्जियमची आहे, तिकडे मुलांवर हात उगारला तर शिक्षकाची नोकरी जाते, तेव्हा ती असेपर्यंत कुणी कुणाला मारायचं नाही. कायदा आपल्याकडेही तोच आहे, हे मला पुढे कॉलेजात कळलं. शाळेत तो कुणाला आठवत नव्हता. शिपाईमामा वर्गावर्गातून फिरले आणि छड्या, लाकडी पट्ट्या, सातवीच्या वर्गातला पाइपाचा तुकडा, सगळं गोळा करून खेळाच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आम्ही खिडकीतून बघत होतो. इतकी हत्यारं आपल्या शाळेत आहेत, हे एकत्र बघेपर्यंत आम्हाला कळलं नव्हतं.

पाहुणी मुलगी कुणाकडे राहणार, हा प्रश्न होता. वर्षात तीन घरं, प्रत्येक घरी साधारण तीन-चार महिने. पालकांना चिठ्ठी आली. पप्पा पालक संघात होते, पंचवटीत त्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं, माणूस बोलायला गोड. आईने ती चिठ्ठी त्यांच्या चहाच्या कपाजवळ ठेवली.

"अहो, आपल्याकडे एक खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "शाळेत तुमचं नाव होईल."

मी चाट पडले. आमच्या घरी माझ्या मैत्रिणीसुद्धा येत नसत, मीच आणत नसे. पप्पा दुकानात गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर चिडले. परकी मुलगी, परक्या देशातली, तिला कशाला बोलावतेस या घरात, असं मी म्हणाले. आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"मागे तुझी मामी आली होती, आठ दिवस राहिली. ते आठ दिवस कसे गेले, आठवतंय का?" तिने विचारलं.

मला आठवत होतं. त्या आठ दिवसांत पप्पांनी आईला एकदाही मारलं नव्हतं.

तर सांगायचं ते एवढंच आहे. पप्पा आईला मारायचे. दारू पीत नसत, जुगार नव्हता, दुकान बरं चाललेलं होतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मारायचे, फोन दोनदा वाजून उचलला नाही म्हणून मारायचे, माहेरच्या लग्नाला चार दिवस आधी जायचं म्हणाली म्हणूनही मारलं होतं. एकदा त्यांनी आईचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. फ्रिजचं हँडल तुटलं. दुरुस्तीला माणूस आला तेव्हा पप्पांनी त्याला चहा दिला आणि कंपनीचा माल हल्ली तकलादू येतो म्हणून सांगितलं. आईने डोक्यावर पदर घेतला होता. मी सातवीत होते तेव्हा.

पण पाहुण्यासमोर आवाज चढवायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. तसं ते बोलूनही दाखवायचे, की आमच्या घरात आलेला माणूस कधी तोंड वाईट करून गेला नाही. आईने तेच तत्त्व हेरून ठेवलं होतं. सोळा वर्षांत तिला सापडलेली ती एकच फट होती.

*

पाहुणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या घरात, शाळेत, खालच्या किराणावाल्याकडे, सगळीकडे तिला पाहुणीच म्हणत, आणि महिनाभरात तीही स्वतःला पाहुणी म्हणायला लागली होती. शाळेच्या फाटकाला झेंडूचं तोरण, पताका, आणि पंधरा ढोल, दोन ताशे, झांजा. पुढचा ताशा माझा. ती गाडीतून उतरली आणि आम्ही वाजवायला सुरुवात केली, तशी तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. सरांचा चेहरा पडला. मग तिने हात काढले, डोळे मोठे केले आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. मोठ्या बाईंनी तिला फेटा बांधला. तो तिच्या उंचीमुळे त्यांना तीनदा बांधावा लागला. मग ताशा गळ्यातून काढून मी तिला ओवाळलं, कारण ती आमच्याकडे राहणार होती. पप्पा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत उभे होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे आमच्या वर्गाचं राज्य होतं. पाहुणी जिथे असेल तिथे कुणाला मार बसत नाही, हे आठवडाभरात सगळ्यांच्या लक्षात आलं. शिक्षकांच्या खोलीतून कुणाला बोलावणं आलं की तो तिला सोबत घेऊन जायचा. गणिताची वही राहिली असेल तर तिला शेजारच्या बाकावर बसवायचं. दहावीची दांडगट मुलंसुद्धा येऊन विनवायची, पाच मिनिटं चल ना आमच्या वर्गात. ती जायची. तिला वाटायचं, आपण सगळ्यांना फार आवडतो. आवडत होतीच, पण कारण तिला माहीत नव्हतं. छड्या कपाटात होत्या आणि शिक्षकांचे हात नुसतेच शिवशिवत होते. पीटीचे सर तेवढे दात खाऊन पुटपुटायचे, "जाऊ दे तिला मायदेशी, मग बघतो एकेकाला."

घरी आईने तेच केलं, फक्त तिच्याजवळ एवढी मोठी शाळा नव्हती. ती पाहुणीला स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसवून ठेवायची. दाणे सोलायला द्यायची, कोथिंबीर निवडायला द्यायची. पाहुणीला मराठी येत नव्हतं, आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघी तासन्‌तास बोलायच्या. पप्पा दुकानातून आले की पाहुणी त्यांच्यासाठी पाणी घेऊन जायची. पप्पा तिला थँक्यू म्हणायचे, तिच्या देशातल्या शेतीबद्दल विचारायचे. आईच्या चेहऱ्यावर तकाकी आली. ती गुणगुणायला लागली. मी तिला तोवर कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं आणि मला त्याचा रागच आला, की एवढ्या साध्या गोष्टीला बेल्जियमहून माणूस आणावा लागतो.

पप्पांचा राग कुठे गेला नव्हता. तो त्यांच्या अंगात फिरत होता. जेवताना ते हसत पाहुणीशी बोलायचे आणि टेबलाखाली आईच्या पायावर टाच रोवून ठेवायचे. आई वाढत राहायची. पार्किंगमध्ये आमची स्कूटी एकदा त्यांनी लाथेने पाडली, मग स्वतःच उचलून आरसा सरळ केला. बाथरूममध्ये नळ सोडून भिंतीवर मुठी मारायचे. बाहेर येताना हाताला टॉवेल गुंडाळलेला असायचा. पाहुणी एकदा मला म्हणाली, "तुझे पप्पा किती शांत आहेत. माझे बाबा सारखे ओरडतात." मी मान डोलावली. त्या वेळी मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. माझाही हात पप्पांवरच गेला आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. सहावीत मी एका मुलीचे दोन दात हलवले होते.

आणि मग मी चूक केली.

गणपती सव्वा महिन्यावर आले होते. पथकाचा सराव सुरू होणार होता. पाहुणीला ढोल उचलून बघायचा होता. मी तिला घेऊन गेले. तिने ढोल कमरेला बांधला आणि सरांनी दाखवलेला साधा ठेका दुसऱ्याच दिवशी पकडला. तिकडे ती नदीत होडी वल्हवायची, तिच्या दंडात जोर होता. सर खूश झाले. मिरवणुकीत गोरी मुलगी ढोल वाजवताना दिसली तर शाळेचा फोटो पेपरात येईल, असं मोठ्या बाईंनाही वाटलं. आणि मला काय वाटलं तर, मी आणली, माझ्या घरची, माझ्या ताशावर वाजवते. मी तिचं नाव यादीत घातलं. रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ.

शाळेचं मागचं मैदान आणि आमची बिल्डिंग यांच्यामध्ये एक कुंपण, बस. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची गॅलरी थेट मैदानावर उघडते. पंधरा ढोल सुरू झाले की आमच्या घरातले कप बशीत नाचायचे. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. साडेसहा ते आठ घरात पाहुणी नसायची. मी नसायची. आणि बाहेर एवढा आवाज असायचा की आत काय चाललंय, ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू येणार नाही.

पप्पा सहा वाजताच दुकान नोकरावर सोपवून घरी यायला लागले. लवकर येऊन आराम करतात, असं मला वाटलं.

*

मला कळलं ते ऑगस्टमधल्या एका रविवारी. उकाडा होता आणि आईने मनगटापर्यंत लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता. पाहुणीने तिला हाताने वारा घालून विचारलं, आई, गरम नाही होत? आई हसली. मग माळ्यावरचा डबा काढायला तिने हात वर केला आणि बाही खाली घसरली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट, जांभळं. जुनं आणि नवं. पाहुणीची पाठ होती. मी आईला बाथरूममध्ये ओढत नेलं आणि बाही पूर्ण वर केली. मग पाठ बघितली.

"कधी?" मी विचारलं.

"तुमचा ढोल सुरू झाला की सुरू होतं," आई म्हणाली. "थांबला की थांबतात. घड्याळ बघायलाच नको."

तिने माझ्या हातातून बाही सोडवून घेतली.

"बरं हाय ना. दीडच तास. पहिलं दिवसभराचं होतं," ती म्हणाली. आईचं माहेर निफाडकडचं. घाबरली की ती तिकडचं बोलायची. "आन तिला कळू देऊ नको. कळलं तर शाळा तिला दुसरीकडं नेईल. मग मी काय करू?"

हे बोलणं मी अजून विसरलेले नाही. मारणारा तसाच, मार तसाच, फक्त वेळ ठरली म्हणून ती बरं म्हणत होती.

मी माझ्या परीने खटपट केली. पाहुणीला म्हटलं, ढोल सोड, हाताला फोड येतात. तिने मला तळहात दाखवला, फोड येऊन बसले होते आणि तिला त्यांचा अभिमान होता. मग मी सरांकडे गेले, म्हटलं, मी ताशा वाजवणार नाही. पाहुणी पाणी प्यायला गेली होती, तेवढी संधी साधून सरांनी टिपरू माझ्या पोटरीवर ओढलं.

"पंधरा दिवसांवर मिरवणूक आली," ते म्हणाले. ते सटाण्याकडचे, रागावले की त्यांचंही शहरी बोलणं सुटायचं. "आता ताशा काय तुझा बाप वाजवेल? लय शहाणपण करू नको. नाय म्हणायचं नाय."

मी सरांना कारण सांगितलं नाही. लाज वाटत होती. आपल्या घरात मार आहे, हे सांगायला मार खाणाऱ्यालाच लाज वाटते. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. एकदा डोकं दुखतंय म्हणून घरी थांबले, तर पप्पांनी माझ्यासमोर मारलं. मी पाहुणी थोडीच होते. मी मध्ये पडले तेव्हा त्यांनी मला केस धरून बाजूला केलं, शांतपणे, वाटेतली खुर्ची सारावी तसं. आईने त्यानंतर मला सांगितलं की तू खाली जात जा. तू असलीस की मला तुझीपण काळजी.

म्हणून मी रोज खाली जायची आणि वाजवायची. रोज साडेसहाला गॅलरीचं दार आतून बंद होताना दिसायचं. मग मी ताशाच्या काड्या उचलायची.

*

तो शुक्रवार होता. त्या दिवशी दुपारी आईने पप्पांचा दुकानातून आलेला फोन घेतला नव्हता, कारण ती पाहुणीला उकडीचे मोदक वळायला शिकवत होती आणि हात पिठाचे होते. पप्पा घरी आले तेव्हा मोदक खाल्ला, पाहुणीच्या बोटांचं कौतुक केलं. आईकडे बघितलं नाही. मी ओळखलं. आईनेही ओळखलं. तिने माझ्या हातात ताशाच्या काड्या दिल्या आणि म्हणाली, "जा, उशीर होईल."

मैदानावर गेले. पाहुणी माझ्या उजव्या हाताला तिसऱ्या ढोलावर. सरांनी शिट्टी दिली. मी वर बघितलं, दार बंद झालं. आम्ही सुरू केलं.

संथ ठेका झाला, मग चढ. सरांना आज मिरवणुकीचा सगळ्यात जोराचा तुकडा पक्का करून घ्यायचा होता. ते रांगेतून फिरत ओरडत होते, जोरात, अजून जोरात, हात मेले का तुमचे. आणि मी जोरात वाजवत होते. त्या दाराआड काय चाललं असेल, त्या रागाने मी अजून जोरात वाजवत होते, माझ्यामागे पंधरा ढोल चढत होते. आणि मध्येच मला दिसलं की मी काय करते आहे. मी पप्पांना आवाज पुरवत होते. माझ्या एकेका काडीच्या आड त्यांचा एकेक हात पडत होता. इतके दिवस रोज मी ताशा गळ्यात घालून त्यांचं दार लावून घेत होते.

पथकाचा एक नियम होता. पुढच्या ताशाने काडी वर केली की सगळ्यांनी थांबायचं, ती खाली येईपर्यंत एकही टिपरू हलवायचं नाही. हा नियम सरांनी आमच्या पोटऱ्यांवर मारून मारून बसवला होता.

मी काडी वर केली.

पंधराच्या पंधरा ढोल एका ठोक्यात थांबले. कान सुन्न झाले होते, आधी काहीच ऐकू येईना. मग रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. आणि मग आमच्या तिसऱ्या मजल्यावरून पप्पांचा आवाज आला. ते ओरडत नव्हते. एकेक शब्द सावकाश टाकत होते, आणि प्रत्येक शब्दामागे फटका. "फोन. का. नाही. उचलला." मैदानावर तो आवाज असा स्पष्ट आला की जणू कुणी शेजारी उभं राहून मारतंय. मध्ये एक भांडं पडलं. मग आई म्हणाली, "हळू. अहो, हळू. पोरी खालीच हायेत."

आणखी दोन फटके. ढोल थांबलाय हे त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

पाहुणीने वर बघितलं. ती कुणाची खिडकी आहे, तिला माहीत होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. टिपरू तिच्या हातातून खाली पडलं, पण ते मातीत पडलं, त्याचा आवाज झाला नाही.

"चालू कर," सर माझ्याजवळ येऊन म्हणाले. त्यांचाही आवाज बारीक झाला होता. मी काडी वरच ठेवली. "अगं चालू कर म्हणतो ना. लोक ऐकतायत." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा त्यांनी माझ्या दुसऱ्या हातावर, ताशाच्या कडेवर टेकलेल्या बोटांवर, टिपरू मारलं. पाहुणीसमोर. जुलैपासून पहिल्यांदा. अंगठ्याचं नख उललं आणि ताशाच्या पडद्यावर रक्त पडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण वरचा हात हलला नाही, आणि काडी खाली येत नाही तोवर कुणी वाजवेना. एकानेही नाही. सर एकेका ढोलापुढे जाऊन, वाजव रे, वाजव गं, म्हणत होते आणि मुलं माझ्या काडीकडे बघत होती.

गॅलरीचं दार उघडलं. पप्पा बाहेर आले. शर्टाची बाही सरळ करत होते. त्यांनी खाली बघितलं. आम्ही वीस-बावीस जण वर बघत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, पलीकडच्या बिल्डिंगमधले आजोबा, कुंपणावरून भाजीवाला, सगळे वर बघत होते. पप्पांनी पाहुणीकडे बघून हात हलवला, तोंडावर ते पाहुण्यांसाठीचं हसू आणलं आणि मोठ्याने विचारलं, "काय झालं? थांबलात का?"

माझी काडी वरच होती. ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. ते मागे घ्यायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं. मग ते आत गेले.

थोड्या वेळाने आई जिन्याच्या दारातून बाहेर आली. अनवाणी. डाव्या कानावर हात दाबून धरलेला. कुंपणाच्या फटीतून मैदानात आली आणि ढोलाच्या खोळींचा ढीग होता त्यावर बसली. पाहुणी जाऊन तिच्या पायाशी बसली. मी तेव्हा कुठे हात खाली घेतला, ताशापासून लांब.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत शाळेने पाहुणीला हलवलं. आई म्हणाली होती अगदी तसंच. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. तू आधी का सांगितलं नाहीस, उद्या तिकडे कळलं तर शाळेची काय अब्रू राहील, असं विचारलं. माझ्या अंगठ्याला पट्टी होती, ती त्यांना दिसली नाही. आईच्या कानाचं त्यांनी विचारलं नाही. तो कान पुढे कधी नीट झालाच नाही. पाहुणी आईच्या गळ्यात पडून रडली. आईने तिला डबाभर चिवडा दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू मार तिलाच बसला होता. पप्पा दुकानातून आले नाहीत.

गाडी गेल्यावर मी जिन्यात बसून राहिले. मीच हे केलं होतं. आईला सोळा वर्षांत एक फट सापडली होती आणि ती मी सगळ्यांसमोर बुजवून टाकली होती. आता दीड तासाची मर्यादा नाही, पाहुणी नाही, आणि पप्पा संध्याकाळी येणार. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मी आईला म्हटलं, मी आज खाली जाणार नाही. ती म्हणाली, "जा. मी येते मागनं."

त्यानंतर पप्पांनी हात उचललाच नाही, असं मी सांगणार नाही. उचलला, दिवाळीआधी दोनदा. दोन्ही वेळा आईने धावत जाऊन गॅलरीचं दार सताड उघडलं आणि बाहेर उभं राहून मार खाल्ला. दुसऱ्या वेळी खालून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पोलिसांना फोन करते म्हणून ओरडल्या, आणि त्या रात्री आम्ही दोघी निफाडला गेलो, ते पुन्हा त्या घरात राहायला आलो नाही. पण ते नंतरचं. मला आठवते ती शनिवारची संध्याकाळ.

साडेसहाला मी ताशा गळ्यात घातला. तिसरा ढोल रिकामा होता. सर माझ्याकडे बघणं टाळत होते. तेवढ्यात आई आली. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात परात. चपला घातलेल्या. ती सरळ चालत आली आणि पहिल्या ढोलापासून चार पावलांवर, आमच्या गॅलरीतून नीट दिसेल अशी, मातीत मांडी घालून बसली. गॅलरीत पप्पा उभे होते.

सर तिच्यापाशी गेले. "वहिनी, इथं लय आवाज होईल," ते म्हणाले. "जरा लांब बसा."

आईने मेथीची जुडी सोडली. तिने वर, गॅलरीकडे बघितलं, सरांकडे नाही.

"होऊ द्या," ती म्हणाली.

मी काडी खाली आणली. आई आठ वाजेपर्यंत तिथेच बसली होती.